बरी झालेली अंडी देणारी कोंबडी पुन्हा पुन्हा आजारी का बसते?

कोल्हापूरच्या आसपास परड्यात आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्या घरांतून एक तक्रार सारखी कानावर येते. अंडी देणारी चांगली कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसते. खाणं सुटतं, अंडी थांबतात. घरात आणून खोक्यात ठेवली, ऊब दिली, चारलं-पाजलं की चार-पाच दिवसांत उठते, आरडाओरडा करून बाहेर यायला बघते. मग खुराड्यात सोडायची. आणि पंधरवडा होतोय न होतोय तोवर शेजारचं पोरगं निरोप घेऊन दारात: "काकी, तांबडी परत बसली बघा!"

यावर बहुतेक लोक औषध बदलतात. मला वाटतं, औषधाकडे वळायच्या आधी या घटनाक्रमाकडेच नीट बघावं. कोंबडी घरात बरी होते आणि खुराड्यात आजारी पडते. म्हणजे तुमची शुश्रूषा बरोबर आहे आणि दुखणं खुराड्यात आहे. रात्री ती कुठं बसते, काय खाते, कुणाच्या शेजारी पाणी पिते, हे शोधल्याशिवाय ती कायमची बरी होणार नाही. पण शोध लागेपर्यंत ती जगली पाहिजे, म्हणून सुरुवात शुश्रूषेपासून करू.

आजारी की खुडूक?

खुडूक झालेली कोंबडी अंड्याच्या पाटीत फुगून बसते, हात घातला की गुरगुरते आणि चोच मारते. दिवसातून एक-दोनदा उठते, खाते, मोठी आणि घाण वासाची शीट टाकते, परत जाऊन बसते. तिला काही झालेलं नाही. पावसाळा सरताना किंवा थंडीच्या तोंडावर पिसं झडणारी कोंबडीही दोन-तीन महिने अंडं देत नाही, तुरा आखडलेला दिसतो, तरी खाण्यापिण्यात कमी पडत नाही. खरी आजारी कोंबडी हात लावला तरी हलत नाही. मान अंगात ओढून, डोळे अर्धे मिटून, शेपूट खाली टाकून बसते. कमजोर दिसली की कळपातल्या बाकीच्या टोचतात, म्हणून कोंबडी जमेल तितके दिवस दुखणं लपवते. आपल्या नजरेला पडते तेव्हा ते बऱ्याचदा जुनं झालेलं असतं.

पहिला दिवस: ऊब, पाणी, अंधार

कोंबडीच्या अंगाचं तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असतं. न खाणारी कोंबडी ते टिकवण्यातच उरलीसुरली ताकद घालवते, आणि श्रावणातल्या ओल्या रात्री तर फारच. म्हणून पहिलं औषध ऊब. पुठ्ठ्याचं मोठं खोकं किंवा डालगं घ्या, खाली कोरडं गोणपाट, वर भाताचं तूस. एका बाजूला जुन्या तारेचा चाळीस-साठ वॅटचा बल्ब लावा. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. बल्ब नसेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. ऊब एकाच बाजूला असावी, म्हणजे गरम झालं तर तिला सरकता येईल. चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागली तर ऊब जास्त झाली. एप्रिल-मे मध्ये भर दुपारी बसलेल्या कोंबडीचं मात्र उलटं असतं. तिला सावलीत आणा, पाय आणि तुरा गार पाण्यानं ओले करा, हवा लागू द्या.

मग पाणी. आपल्याकडे गूळ घरोघरी, त्यामुळे आजारी कोंबडीला गूळपाणी पाजायची रीत आहे आणि ती चांगली आहे. एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर किंवा तेवढाच बारीक केलेला गूळ, आणि अर्धा चमचा मीठ. हे पहिला दिवसभर पुरे, दुसऱ्या दिवसापासून साधं पाणी. पण गूळपाणी देण्याआधी गळ्याखालची अन्नपिशवी हातानं चाचपून बघा. ती फुग्यासारखी मऊ, पाणी भरलेली लागत असेल आणि चोचीतून आंबूस वास येत असेल, तर आत बुरशी वाढली आहे आणि गूळ तिचं खाद्य होईल. अशा कोंबडीला साधंच पाणी द्या. तिला उलटी धरून पिशवी रिकामी करायचा उपाय काही जण सांगतात, तो करू नका. ते पाणी श्वासनळीत जाऊन कोंबडी हातातच मरते.

पाणी पाजताना चोच उघडून घशात ओतायचं नाही. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती स्वतः गिळते. खाणं पाण्यानंतर. लेयर मॅश (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) कोमट पाण्यात कालवून पातळसर करा, वर उकडलेलं अंडं कुस्करून टाका. नुसता भात किंवा भाकरीचा चुरा तिला आवडेल, पण त्यात प्रथिनं फार कमी.

घरातल्या काट्यावर रोज सकाळी एकाच वेळी तिचं वजन करा आणि भिंतीवर लिहून ठेवा. कोंबडी सुधारते आहे की नाही हे डोळ्यापेक्षा काटा आधी सांगतो.

हातानं तपासणी

ऊब मिळून ती थोडी शांत झाली की मांडीवर घेऊन एकदा पूर्ण चाचपा. छातीचं मधलं हाड सुरीसारखं हाताला लागत असेल तर ती बरेच आठवडे खंगते आहे, आजचं दुखणं नाही. तुरा आणि गलोल (चोचीखालचे लोंबते तांबडे पडदे) पांढरट असतील तर रक्त कमी झालं आहे. निळसर-जांभळे असतील तर श्वासाची किंवा हृदयाची अडचण. अन्नपिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही दगडासारखी कडक असेल तर लांब गवत, पाचटाचे तंतू किंवा सुतळी अडकली आहे. थोडं तेल आणि कोमट पाणी थेंबाथेंबानं देऊन हलक्या हातानं चोळावं, दोन दिवसांत उतरली नाही तर डॉक्टरांकडे न्यावं.

शीट बघताना घाई करू नका. दर काही शिटांनंतर एक तपकिरी, चिकट, फार वास मारणारी पडते, ती हगवण नव्हे. हिरवी शीट उपाशी कोंबडीलाही होते. हिरवी आणि पाण्यासारखी शीट, वर ताप आणि धाप असेल तर मात्र प्रकरण वेगळं, त्याकडे पुढे येतो.

आता अंड्याची जागा. कोंबडी ताठ उभी राहून शेपूट खालीवर करते, जोर लावते, पाटीत जाऊन-येऊन करते आणि अंडं पडत नाही, तेव्हा अंडं अडकल्याचा संशय घ्या. गुदद्वाराच्या खाली पोटावर हळूच बोटं ठेवली तर ते हाताला लागतं. पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या, हाताला सोसेल इतकंच, आणि पोटापर्यंत पाणी येईल असं वीस मिनिटं तिला बसवा. बऱ्याच कोंबड्या यात डोळे मिटून शांत होतात. नंतर नीट पुसून, गुदद्वाराला खोबरेल लावून अंधाऱ्या उबेत ठेवा. कोंबड्यांचं कॅल्शियमचं पातळ औषध बाटलीवरच्या प्रमाणात द्या, कारण अंडं ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियम लागतं. काही तासांनी पुन्हा शेक द्या. अंडं बाहेरून दाबून काढायला जाऊ नका. ते आत फुटलं तर कवचाच्या धारेनं आतली नळी फाटते आणि मग फार थोड्या वाचतात. दिवसभरात सुटलं नाही तर डॉक्टरांनीच हात घालावा.

पोट फुगून पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखं डुचमळत असेल आणि कोंबडी पाय फाकून चालत असेल, तर अंड्याचं पिवळं पोटात उतरून आत सूज आली असण्याची शक्यता मोठी. ही कोंबडी चार दिवस सुधारते आणि पुन्हा बसते, पण तिच्या बाबतीत दोष खुराड्याचा नसतो. फार थोड्या यातून उठतात. तिचे हाल लांबवू नका, डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला.

परत परत बसते ती का: आधी रात्रीचं खुराडं बघा

माझा पहिला संशय नेहमी गोचिडीवर असतो. कोंबडीची गोचीड दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडत नाही, म्हणून लोक "उवा-बिवा काही नाहीत" असं खात्रीनं सांगतात. ती दिवसभर विटांच्या सांध्यात, लाकडाच्या भेगेत, पत्र्याच्या वळणात लपते आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचं रक्त पिते. माइट नावाच्या बारीक लाल किडीचीही तीच सवय. घरातल्या खोक्यात हे दोन्ही नसतात, म्हणून कोंबडी घरात तरतरीत होते! खुराड्यात गेली की रोज रात्री थोडं थोडं रक्त जातं, तुरा पांढरा पडतो, अंडी बंद होतात.

तपासायची वेळ म्हणजे रात्रीचं जेवणखाण आटोपल्यावर. बॅटरी घेऊन जा आणि कोंबड्या बसतात त्या दांडीची खालची बाजू, दांडी भिंतीत शिरते ती जागा, पाटीच्या तळाची कड बघा. पांढरं फडकं दांडीखालून ओढा, रक्ताचे तांबडे डाग उमटले तर उत्तर मिळालं. दुसरी खूण: संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायला कुरकुरतात, पेरूवर नाहीतर छपरावर बसायला बघतात. गोचिडीची पिल्लं मात्र काही दिवस अंगालाच चिकटून राहतात. पंखाखालची कातडी पिसं बाजूला करून बघा, बारीक काळसर दाणे दिसतील.

गोचीड रक्त पिते तेवढ्यावर थांबत नाही. तिच्या चाव्यातून एक जिवाणू कोंबडीच्या रक्तात जातो. मग चांगला ताप, हिरवट हगवण, पेंग, पायातलं बळ जाणं. पेनिसिलिनच्या गटातल्या औषधानं हा ताप उतरतो, पण गोचीड तिथंच असेल तर कळपातली दुसरी कोंबडी पाळी लावते.

खुराडं साफ करायचं तर अर्धवट उपयोग नाही. सगळ्या कोंबड्या बाहेर काढा, तूस-पाचट काढून जाळून टाका. दांड्या आणि पाट्या सुटत असतील तर उन्हात टाका. विटा-दगडाच्या भिंतीचे सांधे सिमेंटनं बुजवा, मग चुन्याची दाट सफेदी द्या. लाकडाच्या भेगांत पशुवैद्यकाच्या सांगण्याप्रमाणे डेल्टामेथ्रिनसारखं औषध फवारा आणि पूर्ण वाळेपर्यंत कोंबड्यांना आत सोडू नका. पहिल्या फवारणीत अंडी मरत नाहीत, त्यामुळे आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी आणि पुढं आणखी एक करावी लागते. खुराडं महिनाभर रिकामं ठेवून गोचीड उपाशी मरेल असं समजू नका, मोठी गोचीड कित्येक महिने रक्ताशिवाय राहते. कोंबडीच्या अंगाला रॉकेल चोळायची पद्धत तर बंदच व्हायला हवी. कातडी भाजते, आणि गोचीड भिंतीत असते ती तशीच राहते. कोरड्या जागी चुलीची राख आणि माती मिसळून खड्डा करून द्या, उवांसाठी कोंबडी स्वतःच अंघोळ करते.

ओली जमीन, जंत आणि बुरशी

खुराडं स्वच्छ निघालं तर जमिनीकडे या. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडचा पाऊस आठवडा-आठवडा उघडत नाही, आणि २०१९ व २०२१ ला पंचगंगेचं पाणी ज्या परड्यांतून फिरलं तिथं ओल किती दिवस टिकते ते लोकांनी पाहिलंय. अशा मातीत गोल जंतांची अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. कोंबडीला जंताचं औषध दिलं, ती सुधारली, त्याच मातीत चरली आणि पुन्हा भरली. पायपेराझीन फक्त मोठ्या जंतांना लागू पडतं, आतड्यात वाढणारी पिल्लं वाचतात. म्हणून तीन आठवड्यांनी दुसरा डोस ठरवूनच घ्या आणि तो एकाच कोंबडीला न देता सगळ्यांना द्या. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेकदा जंतनाशक दिलेलं बरं. चरायची जागा आलटून-पालटून ठेवता आली तर त्याहून बरं.

खाली उसाचं चिपाड अंथरत असाल तर ते खडखडीत वाळलेलं हवं. भिजलेल्या चिपाडावर बुरशी धरते आणि तिची धूळ थेट फुप्फुसात जाते. असंच पेंड आणि मक्याचं. पावसाळ्यात ओल लागलेली शेंगदाणा पेंड उन्हात टाकली की बुरशी दिसेनाशी होते, पण तिनं सोडलेलं विष वाळवून किंवा भाजून जात नाही. ते यकृत खराब करतं. कोंबड्या एकेक करून मंदावतात, अंडी कमी होतात आणि कुठलंच औषध लागू पडत नाही. अशी पेंड फेकून द्या, जनावरांनाही घालू नका.

मऊ किंवा पातळ कवचाची अंडी आणि वरचेवर अंडं अडकणं हे खाण्यातल्या कमतरतेचं. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ते बरंचसं रात्रीत चढतं. ज्वारी, तांदळाची कणी, भाकरी यात ते जवळपास नाहीच. मग कोंबडी स्वतःच्या हाडातलं काढते आणि एक दिवस पायावर उभी राहत नाही. लेयर मॅश द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, लागेल तेवढा ती उचलते. ब्रॉयलरच्या खाद्यानं हे भागत नाही. पानाला लावायचा चुना खाण्यात मिसळू नका, तो तोंड आणि घसा जाळतो.

सर्दी जी जात नाही

नाकातून पाणी, डोळ्यात फेस, रात्री श्वासाची घरघर. औषध दिलं की थांबते, पहिल्या वळवाला किंवा थंडीला पुन्हा सुरू. ही मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूची जुनाट सर्दी असू शकते. टायलोसिन, डॉक्सीसायक्लिन यांनी ती दबते, शरीरातून पूर्ण जात नाही. कोंबडी वरून बरी दिसते आणि आयुष्यभर रोग बाळगते. अंड्यातून तो पिल्लातही उतरतो. अशा कोंबडीला कळपात ठेवायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण तिची अंडी उबवायला घालू नका. नवी पिल्लं हवी असतील तर कोल्हापुरातल्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या ठिकाणची घ्या, आणि बाजारातून आणलेली मोठी कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवल्याशिवाय आपल्या कळपात सोडू नका. रोग घरात येतो तो बहुतेक वेळा अशा बाजारातल्या कोंबडीच्या पायांनी.

औषध देताना

माणसांच्या मेडिकलमधून आणलेली कॅप्सूल फोडून चोचीत टाकणं सर्रास चालतं. कृपा करून थांबवा. मात्रा चुकते, जंतू निर्ढावतात, आणि अंड्यातून तेच औषध आपल्या पोरांच्या ताटात येतं. कोलिस्टिन या प्रतिजैविकावर तर २०१९ पासून कोंबड्या आणि इतर खाद्य प्राण्यांसाठी देशात बंदी आहे. औषधाच्या वेष्टनावर अंडी किती दिवस खायची नाहीत ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस ती पुरून टाका, शेजाऱ्यालाही देऊ नका. टेट्रासायक्लिन गटातलं औषध चालू असेल तर त्याच वेळी शिंपल्याचा चुरा आणि कॅल्शियम देऊ नका. दोन्ही एकमेकांना बांधून टाकतात आणि औषध रक्तात पोचत नाही. कोंबडी दवाखान्यात नेऊ-आणू शकत नसाल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते, आणि तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहेच.

जिथं शुश्रूषा थांबवायची

मान वळणं, हिरवी पातळ शीट, धाप, एका पायाचा किंवा पंखाचा लुळेपणा, आणि दोन दिवसांत दुसरी-तिसरी कोंबडी आडवी: ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणं. यावर औषध नाही. आधी दिलेल्या लसीचाच आधार. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा लस, पुढे दोन महिन्यांच्या आसपास आरटूबी, आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी पुन्हा. आजारी कोंबडी मांडीवर घेऊन त्याच हातानं बाकीच्यांना दाणे टाकू नका.

कळपात एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तोंड सुजलं, तुरे काळे-निळे पडले, तर मेलेली कोंबडी उघड्या हातानं उचलू नका, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, आणि कापून खाऊ तर नकाच. त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा २००६ ला आपल्याच राज्यात नवापूरला सापडला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात पुन्हा आला. लपवल्यानं गावाचं नुकसान वाढतं. एकटीदुकटी कोंबडी मेली आणि कारण कळत नसेल तरी ती पिशवीत घालून थंड जागी ठेवा, गोठवू नका, आणि लवकरात लवकर शवविच्छेदनाला न्या. मेलेल्या एका कोंबडीतून जे कळतं ते उरलेल्या नऊ जणींना वाचवतं.

परत सोडताना

खुराडं साफ झालं, कोंबडीचं वजन पूर्वीइतकं झालं, शीट नीट झाली, दोन-तीन दिवस औषधाशिवाय गेले, की सोडायचं. पण एकदम नाही. आठवडाभर घरात राहिलेली कोंबडी बाकीच्यांना परकी होते. त्या तिला खाण्यावरून हाकलतात, पाण्यावरून हाकलतात, ती कोपऱ्यात बसते आणि आपण समजतो आजार उलटला. वरचेवर बसणाऱ्या कित्येक कोंबड्यांना एवढंच झालेलं असतं. म्हणून आजाराची लागण नसेल तर ती सुधारू लागली की दिवसा तिला डालग्याखाली कळपाच्या नजरेसमोर ठेवा, म्हणजे ओळख तुटत नाही. सोडायची ती रात्री, अंधारात, हळूच दांडीवर बाकीच्यांच्या मधे. पहिले आठ दिवस खाणं आणि पाणी दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी मांडा. एकच दांडगी कोंबडी टोचत असेल तर तिलाच दोन दिवस वेगळी कोंडा, परत येते तेव्हा तिचा जोर उतरलेला असतो.

वजन मात्र महिनाभर दर आठवड्याला करत राहा. दोन आठवडे सलग उतरलं तर ती पंख पाडून बसायची वाट न बघता त्याच रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात जा.